रिग्लीची भिंत आणि एकाच दिशेचा खेळ

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. लिहिणाऱ्याने विचारलं होतं की, तत्त्वज्ञानातली माणसं नियमांविषयी बोलायला लागली की दरवेळी बुद्धिबळाचंच उदाहरण का देतात? बुद्धिबळाला मैदान लागत नाही, ऊन लागत नाही, त्यात कोणाचा गुडघा फुटत नाही. प्रश्न बिनतोड आहे. म्हणून आज आम्ही असा एक सामना घेऊन आलो आहोत, ज्यात मैदान आहे, थंडी आहे आणि विटांची एक भिंत आहे. सामन्याचं परीक्षण करण्याची आमची पात्रता नाही. पण त्या सामन्यावरून चाहत्यांमध्ये जो वाद पेटला, त्याचं परीक्षण जमेल. वाद ऐकण्यात आमची चाळीस वर्षं गेली आहेत.

2010 सालचा नोव्हेंबर. आम्ही दोघं लेकीकडे शिकागोला गेलो होतो. जावई इलिनॉय विद्यापीठात शिकलेले, शेजारचे गृहस्थ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे. एरवी दोघं एकमेकांच्या अंगणातला बर्फ काढून देणारी माणसं. पण त्या आठवड्यात दोघांचं बोलणं जरा धारदार झालं होतं, कारण शनिवारी, 20 नोव्हेंबरला, या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना होता आणि तो फुटबॉलच्या मैदानावर नव्हता. तो होता रिग्ली फील्डवर, म्हणजे बेसबॉलच्या.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. पायाने फार कमी आणि हाताने, खांद्याने, छातीने फार जास्त खेळला जाणारा. आणि रिग्ली फील्ड म्हणजे काय, हे शिकागोच्या माणसाला विचारू नये. तासभर सुटका नाही. 1914 साली बांधलेलं, 1916 पासून शिकागो कब्ज या संघाचं घर. आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली वेल चढवला, तो आजही आहे. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे लागायला तिथे 1988 उजाडावं लागलं. आणि 2010 साली स्थिती अशी होती की त्या संघाने शेवटचं जगज्जेतेपद मिळवलं होतं 1908 मध्ये, म्हणजे हे मैदान बांधण्याच्याही आधी. तरी लोक येत होते. घर हरत असलं तरी घर असतं, ही भावना तिथे फार जुनी आहे.

त्या शनिवारसाठी प्रवेशद्वारावरची ती प्रसिद्ध लाल पाटी जांभळी रंगवली होती, नॉर्थवेस्टर्नचा रंग म्हणून. शेजारी खूश. जावयांचं म्हणणं, पाटी रंगवली म्हणून मैदान तुमचं होत नाही. इथवर सगळं गमतीचं होतं. शुक्रवारी मात्र बातमी आली आणि गंमत संपली.

बातमी अशी. फुटबॉलचं मैदान 120 यार्ड लांब लागतं, त्यात दोन टोकांचे दहा-दहा यार्डांचे एंड झोन आले. ते मैदान रिग्लीत पूर्व-पश्चिम आखलं, तेव्हा पूर्वेकडचा एंड झोन राइट फील्डच्या भिंतीला जवळजवळ जाऊन टेकला. मागची रेघ आणि भिंत यांच्यात काही ठिकाणी जेमतेम फूटभर जागा. भिंतीवर जाड गाद्या बांधल्या होत्या, पण गादीच्या मागे वीट ती वीटच. पूर्ण वेगात धावत येणारा शंभर किलोचा मुलगा चेंडू झेलायला हात वर करतो तेव्हा त्याची नजर आकाशात असते, भिंतीकडे नसते. तेव्हा बिग टेन, म्हणजे ज्या संघटनेत ही दोन्ही विद्यापीठं खेळतात तिने, सामन्याच्या आदल्या दिवशी जाहीर केलं की दोन्ही संघ आक्रमण करताना पश्चिमेकडेच जातील. पूर्वेच्या एंड झोनकडे कोणी चढाई करायची नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना यातलं नवल कळणार नाही. तर कबड्डी डोळ्यांसमोर आणा. मध्ये रेघ, अलीकडे आमचं अंगण, पलीकडे तुमचं. आता पंच म्हणाले की पलीकडच्या अंगणात खड्डा आहे, म्हणून दोन्ही संघांनी चढाई अलीकडच्याच अंगणात करायची. तुमची पाळी आली की तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे जाऊ. हसू येईल. कोणी म्हणेल, चालेल की, दोघांना सारखंच आहे. आणि कोणी म्हणेल, मग ही कबड्डी कसली?

नेमकी हीच दोन वाक्यं शुक्रवारी रात्री आमच्या लेकीच्या दिवाणखान्यात, भाताचा कुकर गार होईपर्यंत, फिरून फिरून ऐकू येत होती.

शेजाऱ्यांची बाजू इतिहासाची होती. त्यांचं म्हणणं, रिग्लीत फुटबॉल ही नवलाई नव्हेच. शिकागो बेअर्स 1921 पासून 1970 पर्यंत तिथे खेळले. अस्वलांचं नावसुद्धा कब्जवरून, म्हणजे अस्वलाच्या पिल्लांवरून, पडलं. 1933 साली राष्ट्रीय लीगचा पहिला अधिकृत अंतिम सामना तिथे झाला, बेअर्सनी जायंट्सना 23-21 असं हरवलं. 1965 मध्ये गेल सेयर्सने एका सामन्यात सहा टचडाउन केले, तेही तिथेच, चिखलात. एवढी पुण्याई असलेल्या जमिनीवर पोरांना एकदा खेळायला मिळतंय, तर एका दिशेचं काय घेऊन बसलात?

जावयांची बाजू खेळाची. ते म्हणाले, हा सामना नाही, देखावा आहे. टीव्हीवाल्यांना वेलींची भिंत हवी, विद्यापीठाला तिकिटं खपायला हवीत, म्हणून खेळाचं गाठोडं करून नको त्या पेटीत कोंबलं. (नोव्हेंबरात त्या वेलीला एक पान नसतं, हा आमच्या सौभाग्यवतींचा शेरा. तो दोन्ही पक्षांनी दुर्लक्षित केला.)

आमच्या मते दोन्ही बाजूंनी हुशारीने बोलून मुद्दा हातचा घालवला. तो कसा, ते बघू.

आधी इतिहासाची बाजू. आठवण खरी, पण अर्धी. बेअर्सच्या काळात फुटबॉलचं मैदान उत्तर-दक्षिण आखलं जाई. तेव्हाही ते धड बसत नव्हतं. एका एंड झोनचा कोपरा डगआउटवर, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या खळग्यावर जाई आणि दुसरं टोक लेफ्ट फील्डच्या भिंतीजवळ येई. ब्रॉन्को नगुर्स्की नावाचा एक आडदांड खेळाडू धावता धावता त्या भिंतीवर आदळला आणि उठून म्हणाला की शेवटचा भिडू जरा दणकट होता, ही तिथली लाडकी दंतकथा. सगळे हसतात. पण दंतकथेत काय सांगितलंय बघा. भिंत होती, माणूस आदळला, आणि नियम बदलला नाही. पन्नास वर्षं शरीरांनी जागेशी जुळवून घेतलं. बेअर्स तिथून गेले तेही भिंतीमुळे गेले नाहीत. लीगने किमान 50,000 आसनांची अट घातली आणि रिग्लीत तेवढी नव्हती, म्हणून गेले. इतिहासाचा दाखला देणाऱ्याने हेही सांगायला हवं की तो इतिहास खेळाडूंच्या बरगड्यांवर लिहिलेला आहे.

तेव्हा 2010 साली संघटनेने नियम वाकवला, ही त्या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट, असं आम्ही त्या रात्री म्हणालो. दोन्ही पक्ष आमच्यावर उलटले. जावई म्हणाले, ‘बाबा, तुम्ही खेळाविषयी बोलताय की तत्त्वज्ञानाविषयी?’ आता हा भेद आम्हाला आजतागायत नीट करता आलेला नाही.

तुमच्यापैकी जुन्या श्रोत्यांना आठवेल, जॉन सर्ल यांनी 1969 च्या ‘स्पीच ॲक्ट्स’ या पुस्तकात दोन प्रकारचे नियम वेगळे काढले. काही नियम आधीच चाललेल्या गोष्टीला शिस्त लावतात; जेवताना तोंडाचा आवाज करू नये, हा त्यातला. नियम नसता तरी जेवण होतंच. दुसरे नियम गोष्ट निर्माण करतात. ते काढले तर गोष्टच उरत नाही. सर्ल यांचं लाडकं उदाहरण बुद्धिबळाबरोबर हाच अमेरिकन फुटबॉल आहे. टचडाउन नावाची वस्तू जगात कुठे पडलेली नसते. नियम आहे म्हणून ती आहे. त्यांच्या आधी 1955 साली जॉन रॉल्स यांनी असाच भेद मांडला, पण उदाहरण घेतलं बेसबॉलचं. फलंदाज म्हणाला, मला तीनऐवजी चार संधी मिळतील का, तर त्याला खेळच समजलेला नाही. म्हणजे एकाने फुटबॉल घेतला, दुसऱ्याने बेसबॉल. दोघांनीही मैदान घेतलं नाही. दोघांच्या लेखी मैदान म्हणजे कागद.

आणि खरंच, फुटबॉलला मैदान कागदासारखंच लागतं. सगळीकडे सारखं. शंभर यार्ड म्हणजे शंभर यार्ड, मग गाव कोणतंही असो. बेसबॉल तसा नाही. आतला चौकोन, बेसपासून बेसचं 90 फुटांचं अंतर, पिचर आणि होम प्लेट यांतलं अंतर, हे सगळीकडे एक. पण त्या चौकोनापलीकडे प्रत्येक मैदान आपल्या मर्जीचं. बॉस्टनच्या फेनवे पार्कला डावी भिंत 310 फुटांवर, जवळच म्हणायची, म्हणून तिची उंची 37 फूट. आजूबाजूला रस्ते होते, जागा उरली तेवढी घेतली. या वाकडेपणाचा बेसबॉलच्या माणसाला अभिमान असतो. क्रिकेटमध्ये आपल्यालाही हे अनोळखी नाही. 22 यार्डांची खेळपट्टी पक्की, सीमारेषा मात्र मैदानागणिक वेगळी. कँटरबरीच्या मैदानात तर सीमेच्या आत एक लिंडन वृक्ष वर्षानुवर्षं उभा होता, चेंडू त्याला लागला की चार धावा. झाड तोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. झाडासाठी नियम केला.

म्हणजे रिग्लीत त्या दिवशी काय झालं? जागेशी जुळवून घेणाऱ्या खेळाच्या घरी, जागेला न जुमानणारा खेळ पाहुणा म्हणून आला. आणि यजमानाने पाहुण्याला आपलं वळण लावलं.

हे आम्हाला सामना पाहताना हळूहळू दिसू लागलं. इलिनॉयने चढाई केली, पश्चिमेला. ताबा बदलला. नेहमी काय होतं? नॉर्थवेस्टर्न तिथूनच उलट वळून पूर्वेला निघालं असतं. त्याऐवजी पंचांनी चेंडू उचलला, मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात तेवढ्याच अंतरावर नेऊन ठेवला, दोन्ही संघ चालत तिकडे गेले, आणि नॉर्थवेस्टर्नही पश्चिमेला निघालं. असं दिवसभर. तिसऱ्या-चौथ्या वेळेला आमच्या लक्षात आलं की ही लय ओळखीची आहे. एक संघ प्रयत्न करतो, थांबतो. मग दुसरा संघ त्याच ठिकाणी, त्याच दिशेने प्रयत्न करतो. ही बेसबॉलची लय झाली. दोन्ही संघांना होम प्लेट एकच. दोघं पाळीपाळीने तिथे येतात. क्रिकेटही असाच, खो-खोही असाच. एकाच मैदानात, त्याच दोन खांबांमध्ये, आता तुमची पाळी, मग आमची. हे पाळीचे खेळ. फुटबॉल आणि कबड्डी प्रदेशाचे खेळ. प्रदेशाच्या खेळात माझ्या पाठीमागे काहीतरी असतं जे मला राखायचं आहे आणि समोर काहीतरी जे तुझं आहे. त्या शनिवारी रिग्लीत कोणाच्या पाठीमागे काही नव्हतं. पूर्वेला कोणाचंच घर नव्हतं. पश्चिमेला दोघांचं, म्हणजे आळीपाळीने एकेकाचं.

फुटबॉल त्या दिवशी चार क्वार्टर बेसबॉलसारखा खेळला गेला, आणि भांडणाऱ्यांपैकी कोणाला ते दिसलं नाही. एकाला वेली दिसत होत्या, दुसऱ्याला जाहिराती.

आता कोणी म्हणेल, प्रदेश गेला कुठे? चेंडू तेवढ्याच अंतरावर ठेवत होते ना? चांगली किक मारून समोरच्याला मागे ढकलण्याचा फायदा मिळतच होता. मान्य आहे. गणितात प्रदेश टिकला. 20 यार्डांचे 20 यार्डच राहिले. पण जमीन राहिली नाही. आपण मोठ्या कष्टाने जिंकलेल्या चिखलाच्या तुकड्यावर प्रतिस्पर्ध्याला उभं राहून झुंजावं लागतं, तिथून इंचाइंचाने बाहेर पडावं लागतं, हा या खेळाचा गाभा. तिथे त्याऐवजी हिशेब आला. खाते-वहीत रक्कम बरोबर होती. हातातला पैसा मात्र बदलून दिलेला होता.

मग तो फुटबॉल होता की नव्हता? सर्ल यांच्या भेदाने इथे फार मदत होत नाही, कारण दिशेचा नियम कोणत्या खणात टाकायचा हेच कळत नाही. ठरावीक वेळाने दिशा बदलावी, हा नियम वारा आणि ऊन दोघांना सारखं मिळावं म्हणून आहे; तो शिस्तीचा. पण दोन संघांच्या दिशा परस्परविरुद्ध असाव्यात, हे कोणी मुद्दाम सांगतसुद्धा नाही इतकं ते मुळातलं आहे.

इथे आम्हाला आपल्याकडच्या मीमांसकांची आठवण झाली. हसू नका. यज्ञात काय अदलाबदल चालते आणि काय चालत नाही, यावर त्या लोकांनी जेवढा विचार केला तेवढा खेळाच्या कोणत्याही संघटनेने केलेला नाही. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’ हा विचार येतो. यज्ञाला व्रीही, म्हणजे साळीचं धान्य, सांगितलं आहे. ते मिळेना, तर नीवार, रानात आपसूक उगवणारं भात, घ्यावं. चालतं. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. पण देवतेला चालत नाही, मंत्राला चालत नाही, अग्नीला चालत नाही, आणि क्रियेलाही चालत नाही. एक कर्म जमत नाही म्हणून दुसरंच केलं, तर ते दुसरंच झालं.

आता मैदान हे द्रव्य. ते बदललं तर हरकत नाही. गवत इथलं काय, तिथलं काय. एकमेकांच्या विरुद्ध जाणं ही मात्र क्रिया. तिच्या जागी पाळी बसवली तेव्हा प्रतिनिधी नको तिथे आला. म्हणजे जावयांचा निकाल बरोबर, कारण चुकीचं. देखावा होता म्हणून नव्हे, क्रिया बदलली म्हणून तो सामना अपुरा. आणि संघटनेनेही चूक केली नाही. मुलांची डोकी वाचवायची तर दुसरा मार्ग शुक्रवारी उरलाच नव्हता.

चूक आधी झाली. मीमांसकांचा दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग इथे लागू पडतो. नीवार केव्हा घ्यायचं? व्रीही मिळत नसेल तेव्हा. कोठारात साळी भरलेली असताना चवीत बदल म्हणून रानभात आणलं, तर त्याला प्रतिनिधी म्हणत नाहीत. 2010 साली नॉर्थवेस्टर्नचं स्वतःचं स्टेडियम, रायन फील्ड, इव्हॅन्स्टनमध्ये, रिग्लीपासून थोडं उत्तरेला, 1926 पासून उभं होतं. दोन्ही एंड झोन शाबूत, मागे मोकळी जागा. त्या शनिवारी ते रिकामं होतं. घर असताना दुसऱ्याच्या घरी पंगत मांडली, तीही अशा जागी जिथे ताट ठेवायला जागा नाही. महिनोन् महिने आधी ठरलेला सामना, आणि भिंत काही गुरुवारी रात्री बांधलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, अडचणीतून खेळ घडतोही. घडतो. 1932 च्या डिसेंबरात याच रिग्लीत बेअर्सचा निर्णायक सामना व्हायचा होता. बर्फ आणि थंडी इतकी की तो जवळच्या शिकागो स्टेडियममध्ये, छपराखाली घ्यावा लागला. आधी सर्कस झालेली, तिची माती अजून पसरलेली. मैदान कसंबसं 80 यार्डांचं, कडेच्या भिंती अंगाला लागतील इतक्या जवळ. म्हणून कडेला थांबलेला चेंडू थोडा आत आणून ठेवायचा, असं ठरवलं. बेअर्स 9-0 जिंकले, आणि तो आत आणण्याचा नियम पुढच्याच वर्षी लीगने कायमचा घेतला. आज प्रत्येक मैदानावर त्या खुणा आखलेल्या दिसतात. पण तिथे व्रीही खरोखर नव्हती. बाहेर बर्फ होता. गरजेतून आलेला प्रतिनिधी खेळाने पोटात घेतला. एकाच दिशेचा नियम मात्र कोणी पुढे चालवला नाही. कोणाला तो हवासाही वाटला नाही.

आता ज्या क्षणासाठी आम्ही हा सामना अजून विसरलो नाही, तो सांगतो. नियम होता चढाईपुरता. पण समोरच्याने फेकलेला चेंडू मध्येच पकडला, तर पकडणारा कुठे पळणार? तो उलट्या दिशेनेच पळणार. तशी मुभा होती. नॉर्थवेस्टर्नच्या ब्रायन पीटर्सने इलिनॉयचा चेंडू असाच मध्ये पकडला आणि 59 यार्ड पळत पूर्वेच्या एंड झोनमध्ये नेला. त्या दिवशी त्या टोकाला झालेला तो एकच टचडाउन. शेजारी खुर्चीवरून उठून उभे राहिले. जावयांनी डोक्याला हात लावला, आणि नंतर, आम्ही पाहिलं, त्यांनीही टाळी वाजवली. एवढ्या तासांत पहिल्यांदा खेळ दोन्ही बाजूंना उघडला होता. पूर्वेलाही जमीन आहे, हे सगळ्यांना आठवलं.

आणि तो मुलगा भिंतीकडे पळत होता. ज्या भिंतीमुळे अख्ख्या सामन्याची दिशा बदलली, त्याच भिंतीकडे, पूर्ण वेगात. ठरवून केलेल्या धावेसाठी जी भिंत धोक्याची, ती अचानक झालेल्या धावेसाठी चालेल, असं हे म्हणणं झालं. उलट अचानक पळणाऱ्याला मागे किती जागा आहे याचा अंदाज कमीच. या विसंगतीवर त्या रात्री दिवाणखान्यात अवाक्षर निघालं नाही. हा मुलगा विद्यापीठाचा विद्यार्थी. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेता येत नसे. मैदान कोणतं असावं यावर चाहत्यांनी वाद घातला, विद्यापीठाने करार केला, संघटनेने नियम केला. भिंतीशी गाठ मात्र त्याची.

इतिहासवाले आणि खेळवाले, दोघंही जागेला देखावा समजत होते. एकाला तो आवडत होता, दुसऱ्याला नाही. जागा ही धावणाऱ्याच्या अंगाला लागणारी वस्तू आहे, हे दोघांच्याही बोलण्यात नव्हतं. आमचा खरा आक्षेप हा.

त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये यांकी स्टेडियमवर नोत्र दाम आणि आर्मी यांचा सामना झाला. नोत्र दाम 27-3 जिंकलं. तिथेही इतिहासाचे ढोल वाजले. 1946 साली याच दोन संघांचा 0-0 असा गाजलेला सामना यांकी स्टेडियमवर झाला होता. फक्त ते स्टेडियम रस्त्यापलीकडे होतं आणि आता नाही. 2010 चा सामना झाला तो 2009 मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत. नाव तेच, जमीन वेगळी. दोन्ही एंड झोन मोकळे होते, म्हणून फार कोणी भांडलं नाही. त्यावर आम्हीही जास्त बोलत नाही.

रिग्लीची गोष्ट मात्र पुढे गेली. 2021 मध्ये नॉर्थवेस्टर्न तिथे पर्ड्यूशी खेळलं, तेव्हा मांडणी बदललेली होती आणि दोन्ही टोकं वापरता आली. मग 2024 साली रायन फील्ड नव्याने बांधण्यासाठी पाडलं. संघ बेघर झाला. तळ्याकाठी छोटंसं तात्पुरतं स्टेडियम उभारलं, आणि काही सामने रिग्लीत नेले. त्यात 30 नोव्हेंबरला पुन्हा इलिनॉय आलं. तेच दोन संघ, तेच मैदान, पण या वेळी घर खरोखर नव्हतं आणि दोन्ही दिशा होत्या. इलिनॉय 38-28 असं जिंकलं. जावयांचा फोन आला. शेजारी आता दुसऱ्या गावी राहायला गेलेत, तरी ते दोघं तो सामना सोबत पाहायला गेले होते. आम्ही विचारलं, वाद झाला का? म्हणाले, ‘नाही बाबा, थंडी फार होती.’

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेऊ आणि थांबू. श्रोते विचारतात, 2010 च्या सामन्यात इलिनॉयच्या मिकेल लशूर याने 330 यार्ड धावून विद्यापीठाचा विक्रम केला. सामना अपुरा म्हणता, तर हा विक्रम धरायचा का?

धरायचा. तो मुलगा 330 यार्ड स्वतःच्या पायांनी पळाला, आणि प्रत्येक यार्डावर त्याला अडवायला कोणीतरी खरोखर अंगावर आलं. त्यात उसनं काही नाही. फक्त तो सगळे यार्ड पश्चिमेलाच पळाला. नोंदवहीत ते लिहिलेलं नसतं, जागा दिलेली नसते. आम्ही असतो तर कडेला पेन्सिलीने लिहिलं असतं. बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी. हॉलची वेळ झाली, मागचे दिवे त्यांनी बंद करायला घेतलेत.